शिसपेन्सिलीत शिसे नसते

आपल्या भाषेतल्या काही शब्दांत जुन्या काळचे गैरसमज तसेच गोठून राहिलेले असतात. शिसपेन्सिल हा त्यातलाच एक शब्द. पाटी सुटून वही हातात आली की ही पेन्सिल आपल्या आयुष्यात येते आणि तिच्या पोटात शिसे आहे असे समजत आपण मोठे होतो. टोक मोडले की शिसे मोडले म्हणतो, मुलाने पेन्सिल तोंडात घातली की शिसे पोटात जाईल म्हणून त्याच्या हातावर चापट मारतो. वस्तुतः त्या पेन्सिलीत शिशाचा कणही नसतो. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळसा आणि हिरा यांच्याच घराण्यातला शुद्ध कार्बन.

हा घोळ आपण घातलेला नाही. तो युरोपातून पेन्सिलीबरोबर आयता आला. अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे खाणीतून मऊ, काळा, चकचकीत, बोटाला लागणारा आणि कागदावर रेघ उमटवणारा दगड निघाला की त्याला शिशाच्या नावाने हाक मारीत. शिशाला ग्रीक भाषेत मोलिब्डॉस म्हणतात आणि लॅटिनमध्ये प्लंबम. त्यावरून मोलिब्डेना आणि प्लंबॅगो ही नावे पडली आणि ती वाटेल त्या काळ्या दगडाला लावली जाऊ लागली. शिशाचे खरे खनिज गॅलीना, पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि आणखी एक तिसरा दगड, असे तिघे या नावांच्या गोंधळात सुखाने नांदत होते. त्यातला तिसरा तर ग्रॅफाइटचा जुळा भाऊ शोभावा असा. तोही बोटाला तेलकट लागतो, त्याचेही पापुद्रे सुटतात, त्यानेही लिहिता येते.

या जुळ्यांमधला फरक १७७८ साली स्वीडनमधल्या एका लहान गावच्या औषधविक्याने ओळखून दाखवला. त्याचे नाव कार्ल विल्हेल्म शेले. शाळेच्या पुस्तकात ऑक्सिजनच्या धड्यात प्रीस्टलीच्या बरोबर एका ओळीत हे नाव आपण वाचलेले असते, आणि परीक्षा झाली की विसरूनही गेलेलो असतो. मीही विसरलो होतो. अलीकडे संगणकाच्या चिपांविषयी वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येऊ लागली. जगभरच्या प्रयोगशाळांत आज एका अणूच्या किंवा तीन अणूंच्या जाडीचे पडदे तयार करतात, त्यांतून वीज कशी वाहते, त्यांच्यावर प्रकाश पडला की काय होते, हे तपासतात. त्यातले सर्वांत गाजलेले दोन पदार्थ कोणते? ग्रॅफाइटचा एक पापुद्रा आणि शेलेने त्याच्यापासून वेगळ्या काढलेल्या त्या दुसऱ्या काळ्या दगडाचा एक पापुद्रा! मग या गृहस्थाच्या आयुष्याकडे नीट पाहावेसे वाटले.

दुकानातला पोऱ्या

शेलेचा जन्म डिसेंबर १७४२ मधला, बाल्टिक समुद्राच्या काठच्या स्ट्रालझुंड या गावचा. हे गाव आज जर्मनीत आहे, तेव्हा ते स्वीडनच्या राजाचे होते. घरात अकरा भावंडे, हा सातवा. वडील व्यापारी. कार्ल लहान असतानाच त्यांचा धंदा बसला. मुलाला पुढे शिकवण्याची ऐपत उरली नाही. थोरला भाऊ गोथेनबर्ग शहरात बाउख नावाच्या औषधविक्याकडे शिकाऊ म्हणून होता, तो तिथेच वारला. तीन वर्षांनी, १७५७ साली, चौदा वर्षांचा कार्ल त्याच बाउखच्या दुकानात उमेदवारीला दाखल झाला.

त्या काळचे औषधाचे दुकान म्हणजे आजच्यासारखे गोळ्यांची पाकिटे कात्रीने कापून देणारे मेडिकल स्टोअर नव्हे. ते आपल्याकडच्या जुन्या वैद्याच्या रसशाळेच्या जवळचे. पुढे काउंटर, मागे भट्टी. खल-बत्ता, मुशी, काचेची बकपात्रे, नाना प्रकारचे क्षार, आम्ले, पारा, सोमल, गंधक. औषध दुकानातच कुटायचे, उकळायचे, गाळायचे. पोऱ्याने झाडलोट करायची, भट्टी पेटवायची आणि हळूहळू हात बसवून घ्यायचा.

दिवसभर हे काम झाले की कार्ल रात्री मालकाच्या कपाटातले कुंकेल, नॉयमान यांचे जाडजूड ग्रंथ काढून बसे, आणि त्यात लिहिलेले खरे आहे की नाही ते मागच्या भट्टीवर करून पाही. बाउख भला माणूस असावा. त्याने हे चालू दिले. अशी आठ वर्षे गेली. शेलेचे विद्यापीठ काय ते एवढेच. आयुष्यभर तो कुठल्या विद्यापीठाचा विद्यार्थी झाला नाही.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जेवणे झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दिवसाच्या कामाबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या कामानेच माणसे दाखवली. पण काउंटर बंद झाल्यावर सुरू होणारे जे दुसरे आयुष्य असते, त्याची चव ज्याला माहीत आहे त्याला शेले परका वाटणार नाही. फरक एवढाच, की आम्ही रात्री कागद काळे करत होतो आणि तो काळे दगड पांढरे करून पाहत होता.

१७६५ साली बाउखने दुकान विकले आणि शेले माल्मो इथे दुसऱ्या दुकानात लागला. तिथे शेजारच्या लुंड विद्यापीठातला रेट्झियस हा तरुण त्याचा मित्र झाला. शेले जे प्रयोग करी त्याची टाचणे ठेवण्याची शिस्त त्याला याच मित्राने लावली म्हणतात. पुढे १७६८ मध्ये तो स्टॉकहोमला गेला आणि १७७० मध्ये उप्सालाला. प्रत्येक ठिकाणी नोकरी औषधाच्या दुकानातलीच.

उप्सालाला त्याचे भाग्य थोडेसे उघडले. तिथे टॉर्बर्न बर्गमान हे रसायनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांनी शेलेच्या दुकानातून शोरा आणवला होता. तो तापवून त्यावर शिरक्याचे आम्ल घातले तर लाल धूर निघू लागला. प्राध्यापकांना कारण सांगता येईना, त्यांच्या गान नावाच्या हुशार साहाय्यकालाही येईना. दुकानातल्या नोकराला मात्र ते ठाऊक होते. शोरा तापवल्यावर त्यातून वेगळ्याच प्रकारचे आम्ल तयार होते, हे त्याने आधीच करून पाहिलेले होते. प्राध्यापकांनी हा माणूस ओळखला आणि पुढे त्याला अंतर दिले नाही. मोठेपण दोघांचेही.

हातचे गेलेले श्रेय

१७७१-७२ च्या सुमारास शेलेने शोरा, पाऱ्याची भस्मे, काळ्या मँगनीजचे खनिज असे पदार्थ तापवून त्यातून एक वायू काढला. बकपात्राच्या तोंडाला बैलाचे मूत्राशय बांधून तो वायू त्यात धरून ठेवी. जळती मेणबत्ती त्यात धरली की ज्योत लखलखून उठे. त्याने त्याला अग्निवायू म्हटले. आपण ज्याला ऑक्सिजन म्हणतो तो हाच. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीला तो ऑगस्ट १७७४ मध्ये सापडला. म्हणजे शेले दोन-तीन वर्षे पुढे होता.

पण शोध लागणे आणि तो जगाला कळणे या दोन वेगळ्या तारखा असतात, आणि इतिहास बहुधा दुसरी तारीख धरतो. शेलेने आपले पुस्तक लिहून प्रकाशकाकडे दिले १७७५ च्या अखेरीस. ते तिथे रखडले. छापून बाहेर आले १७७७ मध्ये. तोवर प्रीस्टलीचे नाव सर्वतोमुखी झालेले होते.

आणखी एक प्रकार घडला. ३० सप्टेंबर १७७४ रोजी शेलेने पॅरिसच्या लव्हॉयझर या बड्या शास्त्रज्ञाला पत्र लिहून हा वायू कसा तयार करावा ते कळवले होते. त्या पत्राला उत्तर आल्याची नोंद नाही, आणि लव्हॉयझरने आपल्या लेखनात त्याचा उल्लेख केला नाही. शंभराहून अधिक वर्षांनी ते पत्र प्रसिद्ध झाले तेव्हा ते पोहोचले होते हे जगाला कळले.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. शेलेला वायू सापडला, पण त्याचा अर्थ लागला नाही. जळणाऱ्या पदार्थातून फ्लॉजिस्टॉन नावाचे काहीतरी बाहेर पडते, या त्या काळच्या मतावर त्याची अखेरपर्यंत श्रद्धा होती. जळणे म्हणजे या वायूशी संयोग होणे, हे ओळखले ते लव्हॉयझरनेच. शेलेची बुद्धी सिद्धांत रचणाऱ्याची नव्हती. त्याचे बळ वेगळे होते. समोर दोन वस्तू ठेवल्या की त्या एक आहेत की दोन, हे तो अचूक सांगत असे.

हे बळ किती होते ते पाहा. १७७४ मध्ये काळ्या मँगनीजच्या खनिजावर काम करताना त्याला हिरवट पिवळा, नाका-घशाला झोंबणारा, फुलापानांचा रंग उडवणारा वायू मिळाला, तो क्लोरीन. त्याच कामातून मँगनीज आणि बेरियम या वेगळ्याच गोष्टी असल्याची खूण पटली. पुढे त्याने ताकातून लॅक्टिक आम्ल, लिंबातून सायट्रिक आम्ल, सफरचंदातून मॅलिक आम्ल, मूतखड्यातून युरिक आम्ल आणि तेलातून ग्लिसरीन वेगळे करून दाखवले. आपल्या स्वयंपाकघरात आणि औषधाच्या कपाटात यातली अर्धीअधिक मंडळी आजही हजर असतात.

फेब्रुवारी १७७५ मध्ये स्वीडनच्या राजेशाही विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले. त्या वेळी त्याच्यापाशी औषधविक्याची परवानगीही नव्हती. कागदोपत्री तो अजून शिकाऊच होता. शिकाऊ उमेदवाराला एवढा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

कोपिंगचे दुकान

त्याच वर्षी तो कोपिंग या गावी गेला. गाव लहान. तिथला औषधविक्या पोल वारला होता आणि त्याची तरुण विधवा सारा मार्गारेता हिला दुकान चालवायला माणूस हवा होता. मध्येच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची बोलणी सुरू झाली आणि दुकान शेलेच्या हातून जाणार असे दिसू लागले. तेव्हा गावकऱ्यांनीच आम्हांला हाच माणूस हवा असा आग्रह धरला. शेवटी दुकान त्याच्याकडे राहिले. बर्लिनहून आणि इंग्लंडहून त्याला बोलावणी आल्याचे सांगतात. तो कोपिंग सोडून गेला नाही. औषधविक्याची परीक्षाही त्याने १७७७ मध्ये, म्हणजे अकादमीचा सभासद झाल्यावर दोन वर्षांनी दिली! अकादमीने त्याला संशोधनासाठी वर्षाला १०० रिक्सडालर देऊ केले. एवढ्यावर तो खूश होता.

याच दुकानाच्या मागच्या बाजूला त्या दोन काळ्या दगडांचा निकाल लागला.

त्याने काय केले हे सांगण्याआधी बँकेतले एक साधे दृश्य सांगतो. सोनेतारण कर्जाच्या दिवशी आमच्या शाखेत सराफ येऊन बसत. कुणी पाटल्या, कुणी पोहेहार पुढे ठेवी. सराफ दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासून रेघ ओढत आणि त्या रेघेवर काडीने तेजाबाचा थेंब सोडत. पितळेची रेघ फसफसून नाहीशी होई, सोन्याची तशीच राही. तोवर दोन्ही रेघा सारख्याच पिवळ्या असत. डोळ्याला जो भेद दिसत नव्हता तो तेजाबाला दिसे.

शेलेने नेमके हेच केले. एका काळ्या दगडावर त्याने नायट्रिक आम्ल, म्हणजे शोऱ्याचे तेजाब, ओतून उकळले. दगडाला काही झाले नाही. दुसऱ्यावर ओतले तर लालसर वाफा उठू लागल्या. तेजाब बदलून पुनःपुन्हा उकळत गेल्यावर शेवटी भांड्याच्या तळाशी खडूसारखी पांढरी पूड राहिली. काळ्या दगडातून गंधक वेगळे झाले होते आणि ही पांढरी पूड एका अज्ञात धातूचे आम्ल होते. दगडात शिसे नव्हते, कार्बनही नव्हता. शिशावरून पडलेले नाव मात्र त्या नव्या धातूला कायमचे चिकटले. आपण त्याला मोलिब्डेनम म्हणतो, आणि त्या दगडाला मोलिब्डेनाइट.

या प्रयोगातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. तेजाब नीट लागावे म्हणून शेलेला दगडाची पूड हवी होती. पण हा दगड खलात कुटला जाईना. तो फुटण्याऐवजी घसरे, त्याचे नुसते पापुद्रे होत. तेव्हा शेलेने त्यात पोटॅशियम सल्फेट या क्षाराचे खडे टाकले, त्यांच्याबरोबर दगड घोटून बारीक केला आणि मग गरम पाण्याने क्षार धुऊन टाकला. ज्याने आयुष्यभर दुकानात चूर्णे घोटली त्यालाच हे सुचावे. पापुद्रे होण्याची ही खोड त्याच्या दृष्टीने निव्वळ कटकट होती. पुढे त्या खोडीलाच केवढे मोल यायचे होते!

त्या पांढऱ्या पुडीतून धातू काढायला लागणारी प्रखर भट्टी शेलेपाशी नव्हती. त्याने हे काम मित्र पीटर येल्म याच्याकडे सोपवले आणि येल्मने १७८१ मध्ये कोळशाची मदत घेऊन धातू मिळवला. श्रेय वाटून देताना शेलेचा हात कधी आखडला नाही.

दुसरा काळा दगड उरला होता. १७७९ मध्ये त्याने ग्रॅफाइट शोऱ्याबरोबर जाळून दाखवले. त्यातून निघाला तो कोळसा जळल्यावर निघणाराच वायू. म्हणजे पेन्सिलीतला दगड कोळशाच्या गोत्रातला ठरला. १७८१ मध्ये त्याने आणखी एक वजनदार दगड हाती घेतला. स्वीडिश भाषेत जड दगडाला टंगस्टेन म्हणतात. त्यातूनही त्याने एका नव्या धातूचे आम्ल काढले. स्पेनमधल्या एलुयार बंधूंनी १७८३ मध्ये त्याचा धातू मिळवला. जुन्या पिवळ्या दिव्यातली तार त्याच टंगस्टनची. त्या जड दगडाला पुढे शेलेचेच नाव देण्यात आले, शेलाइट.

चव घेण्याची किंमत

शेलेपाशी मोजमापाची सूक्ष्म यंत्रे नव्हती. तराजू, डोळे, नाक आणि जीभ ही त्याची साधने. नवा पदार्थ मिळाला की तो रंग, वास आणि चव लिहून ठेवी. निळ्या रंगद्रव्यातून त्याने प्रशियन आम्ल काढले, ज्याला आपण हायड्रोजन सायनाइड म्हणतो, आणि त्याचीही चव त्याने नोंदवली आहे! सोमल आणि तांब्यापासून त्याने एक सुंदर हिरवा रंग बनवला. शेलेचा हिरवा या नावाने तो पुढच्या शतकात भिंतीच्या कागदांवर आणि कापडांवर मिरवला, आणि त्यातल्या सोमलाने अनेकांना अपाय केला. शेलेला त्यातल्या विषाची जाणीव होती.

चाळिशी उलटली तोच त्याची प्रकृती ढासळली. सांधे धरले, मूत्रपिंडे बिघडली, अंगावर व्याधी उठल्या. थंडीत चाललेले काम, पारा, सोमल, झोंबणारे वायू, सगळे वीस-पंचवीस वर्षांत अंगात मुरलेले होते.

शेवट जवळ आला हे त्याने ओळखले असावे. दुकान आणि घर ज्या बाईमुळे मिळाले तिच्या हाती ते परत जावे, अशी त्याची इच्छा होती. १९ मे १७८६ रोजी अंथरुणावरच त्याने सारा मार्गारेताशी लग्न केले. दोन दिवसांनी, २१ मे रोजी, तो गेला. वय अवघे त्रेचाळीस. बँकेत असताना वारसाची कागदपत्रे मी शेकड्यांनी पाहिली, मृत्यूनंतर उघडे पडलेले कितीतरी संसार पाहिले. म्हणून या लग्नाकडे मी हळव्या नजरेने पाहत नाही. मला त्यात एका नेमक्या माणसाचा हिशेब दिसतो. कुणाचे काय आहे ते वेगळे करून ज्याचे त्याला देणे, हेच त्याने जन्मभर केले होते.

त्याच्याविषयी एक कथा सांगतात. परदेशात गेलेल्या स्वीडनच्या राजाने, आपल्या राज्यात एवढा मोठा माणूस आहे हे ऐकून, शेलेला सन्मान देण्याचा हुकूम सोडला आणि तो पोहोचला भलत्याच शेलेच्या हाती. कथा खरी असो वा रचलेली, ती त्याच्याच बाबतीत रचली जावी यात मौज आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींमधला फरक ओळखणाऱ्याच्या वाट्याला नावांचा हा घोळ!

पापुद्र्याची करामत

आता त्या दोन दगडांचे पुढे काय झाले ते पाहू.

मोलिब्डेनाइटची आतली रचना १९२३ मध्ये डिकिन्सन आणि लायनस पॉलिंग या दोघांनी क्ष-किरणांनी उलगडली. ती आपल्या घरच्या भाषेत सांगायची तर परातीत रचून ठेवलेल्या पुरणपोळ्यांसारखी आहे. प्रत्येक पोळीत मधोमध मोलिब्डेनमच्या अणूंचे पुरण आणि वर-खाली गंधकाच्या अणूंचे आवरण. एका पोळीच्या आतले बंध पक्के असतात, पण एक पोळी दुसरीवर नुसती टेकलेली असते, म्हणून ती सहज उचलून निघते. शेलेच्या खलात दगड घसरत होता त्याचे कारण हेच. ग्रॅफाइटही थरांचेच, पण त्याचा एक थर म्हणजे कार्बन अणूंची मधाच्या पोळ्यासारखी नुसती जाळी.

कॅनडातल्या तीन संशोधकांनी रासायनिक युक्तीने मोलिब्डेनाइटचे थर सुटे करून एकेरी पोळी मिळवल्याचे प्रसिद्ध केले ते १९८६ मध्ये, शेलेच्या मृत्यूला बरोबर दोनशे वर्षे झाली तेव्हा. २००४ मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे ओढत ओढत एकच थर वेगळा केला, तो ग्राफीन. २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मोलिब्डेनाइटचा एकेरी थरही त्यांच्या गटाने २००५ मध्ये याच रीतीने काढून दाखवला. त्याची जाडी एका नॅनोमीटरच्या दोन-तृतीयांशाइतकी. आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे एक लाखावा हिस्सा.

आणि इथे जुळ्यांमधला भेद पुन्हा उघडा पडला. ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने धावतात, पण त्यांना थांबवता येत नाही. तो न बंद होणारा नळ आहे. संगणकाचे सारे काम चालू आणि बंद या दोन अवस्थांवर चालते. बंदच न होणारा नळ त्याला काय कामाचा? मोलिब्डेनाइट मात्र अर्धवाहक आहे. त्यात इलेक्ट्रॉनांच्या वाटेत ऊर्जेचा एक उंबरठा असतो. तो ओलांडला तर वीज वाहते, नाहीतर थांबते. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या आंद्रास किश यांच्या गटाने एकाच थराचा ट्रान्झिस्टर बनवला. त्यात चालू आणि बंद अवस्थांतल्या विजेच्या प्रवाहांत दहा कोटी पटींचा फरक होता.

प्रकाशाचा चमत्कार त्याहून नवलाचा. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरला की सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडू शकते. जाड मोलिब्डेनाइटमध्ये मात्र वरची जागा आणि खालची जागा समोरासमोर नसतात. जुन्या वाड्यात माळ्यावरचे दार एका टोकाला आणि जिना दुसऱ्या टोकाला असावा तसे. इलेक्ट्रॉनला आधी आडवे सरकावे लागते आणि त्या खटाटोपात प्रकाश जवळजवळ मिळतच नाही. थर एकच उरला की शेजारच्या थरांचा प्रभाव जातो, उंबरठा थोडा उंच होतो आणि दोन्ही जागा एकाखाली एक येतात. मग इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरतो आणि पापुद्रा लालसर प्रकाशाने उजळतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया आणि बर्कली इथल्या गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. जाड दगडाच्या मानाने एकेरी थराची प्रकाश देण्याची क्षमता दहा हजार पटींहून अधिक भरली. वस्तू तीच, अणू तेच. फक्त पातळ केली तर तिचा स्वभाव बदलला.

टंगस्टनचेही गंधकाबरोबर आणि सेलेनियमबरोबर असेच थर होतात आणि तेही असेच उजळतात. म्हणजे या नव्या विद्येतले तीन मुख्य मूलपदार्थ, कार्बन, मोलिब्डेनम आणि टंगस्टन, १७७८ ते १७८१ या चार वर्षांत कोपिंगच्या एकाच भट्टीवरून गेले होते. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने मोलिब्डेनाइटच्या या एकेरी थरावर सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टर रचून चालता संगणक-प्रोसेसर तयार केला. नेहमीच्या सिलिकॉन चिपेवर ते अब्जावधींनी असतात, तेव्हा मजल अजून लांबची आहे. पण सिलिकॉन फार पातळ केले की त्याचे काम बिघडते, आणि हे दगड तर पातळ झाल्यावरच खुलतात. म्हणून एवढी धडपड.

शेलेला यातले काहीही ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लागला. सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून, चांदीच्या क्षाराला जांभळा रंग सर्वांत लवकर काळा करतो, एवढे मात्र त्याने १७७७ च्या पुस्तकात नोंदवले होते. म्हणजे वस्तू आणि प्रकाश यांच्या व्यवहाराकडेही त्याचे लक्ष होते. तरी भविष्याचा वेध वगैरे शब्द त्याच्या बाबतीत वापरू नयेत. त्याने केले ते एवढेच, की सगळे जग ज्या दोन दगडांना एका नावाने हाक मारत होते ते दोन आहेत हे त्याने पुराव्याने सांगितले. त्यातून काय मिळणार, कोण विकत घेणार, हे त्याने विचारले नाही. फरक आहे ना, मग तो नोंदवला पाहिजे, एवढ्यावर त्याचे समाधान होते.

घरात मुलांना शिकवताना आपण बहुधा उत्तरे शिकवतो. दोन सारख्या वस्तू समोर ठेवून, यांत वेगळे काय ते शोध, असे क्वचित सांगतो. त्या शोधाला वेळ लागतो, हात काळे होतात आणि गुण मिळत नाहीत. सगळ्या काळ्या दगडांना शिसे म्हणून टाकणे त्याहून पुष्कळ सोपे. शिसपेन्सिल हा शब्द आता भाषेतून जायचा नाही आणि तो घालवण्याची गरजही नाही. मात्र तिला टोक काढताना पोराने आत काय आहे असे विचारले, तर खरे उत्तर द्यावे, आणि ते कुणी शोधले त्याचे नावही सांगावे.